मक्याच्या शेंड्यावरचा झॉम्बी

'द लास्ट ऑफ अस' या मालिकेचा पहिला भाग १५ जानेवारी २०२३ रोजी आला. जग बुडालेलं, माणसांचे झॉम्बी झालेले, उरलेसुरले भिंतीआड जीव मुठीत धरून जगताहेत, अशा मालिकांची सुरुवात बहुधा किंकाळीनं होते. ही मालिका सुरू होते गप्पांच्या कार्यक्रमानं. साल १९६८. स्टुडिओत प्रेक्षक बसलेत आणि दोन साथरोगतज्ज्ञ बोलताहेत. एक जण विषाणूंबद्दल इशारा देतो. दुसरा म्हणतो, मला धास्ती आहे ती बुरशीची. प्रेक्षक हसतात. मग तो शांतपणे सांगत जातो. मुंगीच्या अंगात शिरून तिला हवं तिकडे चालवणारी बुरशी खरोखर आहे. माणसाच्या अंगातली ऊब तिला सोसत नाही, म्हणून आपण वाचलो आहोत. पण पृथ्वी जराशी तापली आणि बुरशीला ती ऊब सोसायची सवय झाली तर? एव्हाना कुणी हसत नसतं.

या तीन-चार मिनिटांतलं विज्ञान किती आणि पटकथा किती, हे तपासायला ब्राझीलच्या जंगलात जायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरहून निघून फुलंब्री, सिल्लोड किंवा कन्नडच्या बाजूला ऑगस्ट-सप्टेंबरात मक्याच्या रानात शिरलं तरी पुरे.

पोंग्यातली अळी उघड्यावर का आली?

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा सापडली २०१८ मध्ये, कर्नाटकात. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात पोहोचली. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके, ही तिची खूण. तिचा मुक्काम पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या पानांच्या सुरळीत. आत बसून ती कोवळी पानं कुरतडते आणि वर स्वतःच्याच विष्ठेचं बूच मारते. त्यामुळे तिला ऊन लागत नाही, पक्षी टिपत नाहीत आणि वरवर मारलेलं औषधही आत पोहोचत नाही. वाढ पुरी झाली की ती खाली उतरते आणि मातीत शिरून कोष करते. लपणं आणि उतरणं, एवढंच तिला ठाऊक. उंचावर उघड्यावर जाऊन बसायचं तिला काहीच कारण नाही.

तरीही सलग आठ-दहा दिवस झिमझिम आणि ढगाळ हवा राहिली की काही अळ्या वरच्या पानांवर, तुऱ्याजवळ मेलेल्या दिसतात. पानाला घट्ट चिकटलेल्या, खडूच्या कांडीइतक्या ताठ. पहिल्या दिवशी अंगावर पांढरी लव असते. एक-दोन दिवसांत तिच्यावर फिकट हिरवी भुकटी येते. बोट लावलं तर बोट हिरवं होतं. 'अळीला रोग लागला' म्हणून शेतकरी खूश होतो, आणि त्यात चूक काहीच नाही. पण ती मरायला वर का आली, हा प्रश्न उरतोच.

आठवडाभराचा मुक्काम

ही करामत 'मेटारायझियम रिलाई' नावाच्या बुरशीची. जुन्या शेतकी पत्रकांत ती 'नोमुरिया रिलाई' या नावानं भेटते. तिचा बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, डोळ्याला दिसत नाही इतका बारीक असतो. तो वाऱ्यानं किंवा पावसाच्या शिंतोड्यानं अळीच्या पाठीवर पडतो आणि चिकटतो. हवेत दमटपणा असेल तर त्याला कोंब फुटतो. अळीची कातडी कायटिन नावाच्या चिवट पदार्थाची आणि प्रथिनांची असते. कोंब ही दोन्ही विरघळवणारे पाचक रस सोडतो आणि वरून जोर लावून कातडीला भोक पाडतो. अळीनं ते पान खायलाच हवं असं नाही, अंगाला लागलं तरी पुरतं. इतर बऱ्याच जैविक औषधांपेक्षा बुरशी वेगळी ठरते ती इथे.

आत गेल्यावर बुरशी धागे सोडत बसत नाही. अळीच्या रक्तात ती सुट्या, आखूड पेशींच्या रूपात वाढू लागते. दुधात विरजण घातल्यावर पहिले काही तास वरून काहीच कळत नाही, आणि मग एकदम सगळं भांडं लागतं. तसंच इथे घडतं. पहिले दोन-तीन दिवस अळी खातेपिते, हिंडते. पुढे तिचं खाणं मंदावतं, चाल अडखळते. साधारण आठवडाभरात पेशी एकमेकींना जोडून धागे होतात, आणि अळीचं अख्खं अंग आतून घट्ट लागतं. ताठपणा येतो तो यामुळे. मग धागे कातडीबाहेर येतात, ती पांढरी लव. त्यांवर नवे बीजाणू धरतात, ती हिरवी भुकटी.

आता शेंड्याचं गणित सोपं होतं. अळी पोंग्यात मेली तर बीजाणू पोंग्यातच सडतील. मातीत मेली तर आणखी वाईट. तुऱ्याजवळ मेली, तर प्रत्येक झुळकीबरोबर भुकटी खालच्या सगळ्या पानांवर उतरेल. ज्या बुरशीच्या अळ्या मरताना थोड्या वर सरकल्या, तिची पिलावळ वाढली. हजारो पिढ्या हेच घडत आलं. बुरशीनं असा बेत आखला, असं म्हणायचा मोह होतो. पण तिला बेत आखायला डोकं नाही.

मेंदूला हात न लावता

मालिकेतले झॉम्बी पाहिले की बुरशीनं मेंदूचा ताबा घेतला असंच वाटतं. कवटी फुटून बाहेर आलेली बुरशीची फुलं दिसायला भीषण आहेतच. ज्या मुंगीवरून ही कल्पना आली, तिची गोष्ट निराळी आणि मला विचाराल तर जास्त भीतिदायक आहे.

झॉम्बी करणारी ती बुरशी म्हणजे ओफिओकॉर्डिसेप्स. तिची लागण झालेली सुतारमुंगी आपली उंचावरची वाट सोडून खाली येते. जमिनीपासून वीतभर उंचीवरच्या पानाच्या पाठीमागे जाते, मधली शीर जबड्यात घट्ट धरते आणि तिथेच मरते. थायलंडच्या जंगलात केलेल्या अभ्यासात हे चावे दुपारच्या ठरावीक वेळी पडतात असं आढळलं. मग तिच्या मानेतून बुरशीचा देठ उगवतो. जर्मनीत सापडलेल्या ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या एका जीवाश्म पानावरही शिरेवर अशाच चाव्यांच्या खुणा आहेत.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा मुंग्यांच्या शरीराचे अतिशय पातळ काप घेतले, त्यांची छायाचित्रं संगणकावर जोडून आतली बुरशी त्रिमितीत पाहिली. बुरशीच्या पेशी अंगभर होत्या. पायांच्या आणि जबड्याच्या स्नायूंभोवती त्यांनी एकमेकींना जोडलेलं जाळं विणलं होतं. मेंदूत मात्र त्या शिरल्याच नव्हत्या. बाहेरून सोडलेली रसायनं मेंदूपर्यंत जात असतील, पण मेंदू शाबूत होता. म्हणजे मुंगी कदाचित शेवटपर्यंत जागी असते आणि तिचे पाय तिचं ऐकत नसतात.

विषाणूची दुसरी वाट

हीच 'वर चढून मर' खोड एका विषाणूलाही साधलेली आहे, आणि तो मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या चांगल्या ओळखीचा आहे. कपाशीवरची हिरवी बोंडअळी, तुरीवरची शेंगा पोखरणारी अळी आणि हरभऱ्यावरची घाटेअळी, ही तिन्ही नावं एकाच किडीची. तिच्यावर फवारतात ते 'एचएएनपीव्ही', हा तिचाच विषाणू. त्याची मात्रा मोजतात एलई या एककात, म्हणजे पूर्ण वाढलेल्या एका रोगट अळीतून निघेल तेवढा विषाणू. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत हे द्रावण संध्याकाळी फवारायला सांगतात आणि त्यात कपड्याची नीळ घालायला सांगतात. कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी विषाणू मरतो आणि नीळ ते किरण थोडे अडवते. सूर्याला इतका घाबरणारा हा विषाणू आपल्या अळीला मात्र उजेडाकडेच पाठवतो.

कसं पाठवतो, याचा छडा चीनमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये याच घाटेअळीवर लावला. दिवा वर ठेवला की लागण झालेल्या अळ्या वर जाऊन मेल्या. दिवा खाली ठेवल्यावर त्या खालीच राहिल्या. आंधळ्या केलेल्या अळ्या चढल्याच नाहीत. विषाणू अळीच्या डोळ्यांतली प्रकाश टिपणारी यंत्रणा वाढवतो, बाकीचं काम अळीची स्वतःची प्रकाशाची ओढ करते.

दुसरी कळ आहे कात टाकायला लावणारं संप्रेरक, एक्डायसोन. कात टाकायची किंवा कोषात जायची वेळ आली की अळीच्या अंगात ते वाढतं. जिप्सी पतंगाच्या अळीत असं दिसलं, की विषाणूचं एक जनुक हे संप्रेरक निकामी करतं. ते जनुक काढून टाकलं तर अळ्या शेंड्यावर चढत नाहीत. सगळ्याच अळ्यांत हे तंतोतंत असंच घडतं असं नाही. पण गंमत अशी, की आपल्या मक्यावरच्या रिलाई बुरशीतही जपानी संशोधकांना हेच संप्रेरक निकामी करणारं विकर सापडलं. बुरशी आणि विषाणू यांचं एकमेकांशी काडीचंही नातं नाही. तरी दोघांनी अळीची तीच नस धरली.

*चौकट*
मेलेली अळी पाहून कारण ओळखा
ताठ, कोरडी, पानाला चिकटलेली. आधी पांढरी, मग फिकट हिरवी भुकटी: बुरशी.
मागच्या पायांवर उलटी लोंबकळणारी, काळपट, मऊ. हात लावताच कातडी फुटून तपकिरी पाणी गळतं: विषाणू.
आखडलेली, काळी पडलेली, पोंग्यात किंवा जमिनीवर पडलेली: बहुधा रासायनिक औषध.
पहिल्या दोन प्रकारच्या अळ्या वेचून टाकू नयेत. पुढची फवारणी त्याच करतात.
बुरशीचं जैविक औषध आणि बुरशीनाशक एका पंपात कधीही मिसळू नये. आणि पावसाचा खंड पडला असेल तर बुरशी फवारून उपयोग नाही. दमटपणा नसेल तर बीजाणूला कोंबच फुटत नाही.

मग आपण का नाही?

आता १९६८ च्या त्या डॉक्टरकडे परत जाऊ. त्याची उबेची गोष्ट खरी आहे. बहुतेक बुरशा तीस अंशांपर्यंत सुखानं वाढतात. तीसच्या पुढे प्रत्येक अंशाला सुमारे ६ टक्के बुरशा गळत जातात, असं २००९ मधल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं. आपलं अंग ३७ अंशांवर. अळीला स्वतःची ऊब नसते. हवा जेवढी, तेवढीच ती. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसवर जातो तेव्हा शिवारातल्या बुरशीलाही तो सोसत नाही.

हवामान तापल्यामुळे बुरशी उबेला सरावेल, हा तर्कही निव्वळ पटकथा नाही. 'कँडिडा ऑरिस' ही बुरशी २००९ मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानात पहिल्यांदा ओळखली गेली. पुढे काही वर्षांत ती वेगवेगळ्या खंडांतल्या रुग्णालयांत, वेगवेगळ्या वंशशाखांची, जवळजवळ एकाच वेळी उगवली. ही तापलेल्या हवेला सरावलेली पहिली बुरशी असावी, असा अंदाज संशोधक आर्तुरो कासादेवाल यांनी २०१९ मध्ये मांडला. तो अजून सिद्ध झालेला नाही, पण हसण्यावारी नेण्यासारखाही नाही.

डॉक्टर चुकतो तो मुंगीवरून माणसावर उडी मारताना. मुंगीच्या जबड्याचा स्नायू, घाटेअळीची प्रकाशाची ओढ, कात टाकायचं संप्रेरक, या कळा त्या-त्या कीटकाच्याच. ओफिओकॉर्डिसेप्सची जात मुंगीच्या जातीगणिक बदलते; शेजारच्या वेगळ्या मुंगीतही तिला हा खेळ नीट जमत नाही. कातच न टाकणाऱ्या माणसात ती काय दाबणार? कोट्यवधी वर्षं एकाच दारात घासून तयार झालेली ही हुशारी दुसऱ्या दारात निकामी ठरते. बुरशी जितकी कारागीर, तितकी ती आपल्याला निरुपद्रवी.

चावा घेऊन पसरणारा आणि वागणं बदलणारा रोग माणसाला ठाऊक आहे, पण तो बुरशीचा नाही. रेबीज. विषाणू नसांवाटे मेंदूत जातो, लाळेत उतरतो, गिळताना घसा आवळतो म्हणून लाळ तोंडातच राहते आणि कुत्रं चावत सुटतं. मालिकेत हे सगळं काही तासांत होतं. प्रत्यक्षात बहुधा आठवडे ते महिने लागतात, आणि त्या अवधीमुळेच चावल्यानंतर घेतलेली लसही उपयोगी पडते.

अडाणी बुरशीचा हल्ला

माणसाला मारणाऱ्या बुरशा कारागीर नसतात, त्या आडदांड असतात. २०२१ च्या उन्हाळ्यात हे आपण पाहिलं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले, गुजरात आणि महाराष्ट्र त्यात सर्वांत पुढे होते. २० मे रोजी केंद्रानं राज्यांना हा रोग नोंदणी सक्तीचा करायला सांगितलं. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मराठवाड्यातून रुग्ण येत होते. कुणाचा गाल सुन्न, कुणाची पापणी झुकलेली, कुणाचे वरचे दात हलायला लागलेले.

या रोगाची मुख्य बुरशी रायझोपस. तिचा संसार मातीत, सडक्या फळांत, शिळ्या पावावर आणि उकिरड्यात. कुजणारा उकिरडा आतून चांगलाच तापतो, म्हणजे ३७ अंशांची ऊब हिला नवी नाही. जागतिक तापमानवाढीची वाट न पाहता तिनं हा धडा गावाबाहेरच्या ढिगाऱ्यात गिरवला. तिचे बीजाणू आपण रोज हुंगतो. एरवी नाकातल्याच पांढऱ्या पेशी त्यांना गिळतात. त्या लाटेत मात्र तीन गोष्टी एकत्र आल्या. मधुमेह आटोक्याबाहेर गेला, तेव्हा रक्तातली साखर वाढून पांढऱ्या पेशी मंदावल्या. काहींच्या रक्तात आम्लता वाढली, तेव्हा प्रथिनांनी धरून ठेवलेलं लोह मोकळं झालं, आणि रायझोपसला लोह फार आवडतं. त्यातच श्वासासाठी दिलेल्या स्टेरॉइड्सनी उरलीसुरली पहारेदारी ढिली केली. मग ती नाकातून सायनसमध्ये, तिथून डोळ्यात, तिथून मेंदूकडे रक्तवाहिन्या बंद पाडत गेली. कुणाचं वागणं बदलायचं नाही, कुणाला चावायला लावायचं नाही. ती माणसात आली ती सडलेलं काहीतरी समजूनच.

'बुरशीवर औषध नाही, प्रतिबंधही नाही' असं मालिकेतला डॉक्टर १९६८ मध्ये म्हणतो. औषधाचं ते खरं नव्हतं. ॲम्फोटेरिसिन-बी तेव्हा जवळजवळ दहा वर्षं वापरात होतं. २०२१ मध्ये ज्याच्या कुप्यांसाठी नातेवाईक गावोगाव फोन लावत होते, तेच हे औषध. अडचण वेगळीच आहे. जिवाणूपेक्षा बुरशी आपल्या फार जवळची. तिच्या पेशींची रचना आपल्यासारखी, त्यामुळे तिला मारणारं बरंचसं विष आपल्यालाही बाधतं. ॲम्फोटेरिसिन धरतं ते बुरशीच्या पेशीपटलातलं एर्गोस्टेरॉल. आपल्या पेशीपटलात त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असतं, पण दोन्हींत फरक थोडाच. म्हणून मूत्रपिंड सांभाळत ते द्यावं लागतं. लशीबाबत मात्र डॉक्टर बरोबर होता. माणसासाठी बुरशीविरुद्धची मान्यताप्राप्त लस आजही नाही.

पिठातला संशय

मालिकेचा दुसरा भाग जकार्तात सुरू होतो. लागण पिठाच्या गिरणीतून आली, असा तिथल्या बुरशीतज्ज्ञ बाईंना संशय येतो. भाजलेल्या पावातून जिवंत बुरशी पसरणं अवघड. भट्टीत ती मरते. पण बुरशीचं विष मरत नाही, आणि त्याची गोष्ट मक्याचीच आहे.

१९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागातल्या आदिवासी गावांत काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला. ओला मका तसाच साठवला गेला. त्याच्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी धरली. लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी झालं, शंभरावर माणसं दगावली. त्याच घरांतली, तेच खाणारी कुत्रीही मेली, आणि त्यावरून शंका अन्नाकडे वळली. विषाचं नाव अफ्लाटॉक्सिन. ते यकृतावर घाव घालतं. भाकरी तव्यावर भाजून, कण्या शिजवून ते जात नाही, आणि त्याला वास किंवा चवही नाही.

परतीचा पाऊस आपल्याकडेही नेमका मक्याच्या सोंगणीवर येतो. संभाजीनगरमधल्या जाधववाडीच्या बाजार समितीत व्यापारी मक्याच्या ढिगात ओलावा मोजायचं यंत्र खुपसतो आणि आकडा चौदाच्या वर गेला की भाव पाडतो. त्याचा हिशेब पाण्याचं वजन विकत न घेण्याचा. पण साधारण त्याच आकड्याखाली ही बुरशी वाढायची थांबते. म्हणून ओली कणसं ताडपत्रीखाली ढीग करून ठेवण्यापेक्षा, जागा कमी पडली तरी पातळ थरात पसरलेली बरी. ढिगात वाफ धरते आणि मधली कणसं आधी जातात.

काळे-हिरवे दाणे निवडून बाजूला काढले की ते सहसा कोंबड्यांपुढे किंवा दुभत्या गाईपुढे जातात. अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला तोच इंग्लंडमध्ये १९६० मध्ये बुरशी धरलेली पेंड खाऊन लाखभर टर्की कोंबड्या मेल्या म्हणून. गाय मरत नाही. तिच्या यकृतात विषाचं रूप थोडं बदलतं आणि ते दुधात उतरतं, आणि दूध उकळलं तरी ते तसंच राहतं.